'अनुक्रमे' म्हणजे लहान ते मोठा? मुलांच्या तोंडी अभ्यासाची भाषा आणताना

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाचं गणित चुकलं. 'पहिल्या आणि दुसऱ्या गाडीचा वेग अनुक्रमे ताशी ६० आणि ४५ किमी आहे' असं उदाहरण होतं. पठ्ठ्याने पहिल्या गाडीला ४५ दिले आणि दुसरीला ६०. पुढची रीत चोख, आकडेमोड चोख, उत्तर मात्र चूक. "असं का रे केलंस?" विचारलं तर म्हणाला, "बाई, अनुक्रमे म्हणजे क्रमाने लावायचं ना? लहान ते मोठा." आता याला काय बोलणार! चढता क्रम, उतरता क्रम आम्हीच शिकवलेला.

मला त्याच्यावर हसता आलं नाही, कारण अकरावीत माझंही हेच झालं होतं. मराठी माध्यमातून ठाण्यातल्या एका कॉलेजात सायन्सला गेले. फिजिक्सच्या प्रत्येक उदाहरणात 'रिस्पेक्टिव्हली' हा शब्द यायचा. रिस्पेक्ट म्हणजे मान, एवढं माहीत होतं. इंग्रज माणूस आकड्यांनाही मान देत असेल असं समजून मी तो शब्द सोडून द्यायचे. दिवाळीपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची लाज वाटत होती.

शब्द एकच, अर्थही एकच: ज्या क्रमाने नावं आली, त्याच क्रमाने आकडे. मला तो इंग्रजीत नडला, त्याला मराठीत. पाठ्यपुस्तकात तो कुठेही ठळक टाइपात नसतो. 'गुरुत्वाकर्षण' आम्ही दोन-दोन तासिका शिकवतो, 'अनुक्रमे' कुणीच शिकवत नाही. मुलांचे गुण जातात ते बऱ्याचदा या दुसऱ्या जातीच्या शब्दांत.

मी ठाणे-वाशी लाइनवरच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान आणि भूगोल शिकवते, मराठी माध्यमाच्या आणि सेमी-इंग्रजी अशा दोन्ही तुकड्यांना. वर्गात ऐरोली-घणसोलीच्या गावठाणातली आगरी-कोळी मुलं आहेत, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांतली आहेत, घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारीही आहेत. शब्दांसाठी मी वर्षभर जे करते ते इथे क्रमाने लिहिते. पालकांनाही यातलं बरंच घरी करता येईल.

शब्द निवडा, आणि थोडेच निवडा

इसाबेल बेक या अमेरिकन संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत. मी ते माझ्या पद्धतीने वापरते. पहिला थर घरच्या शब्दांचा: पाणी, झाड, गरम. हे शिकवावे लागत नाहीत. तिसरा थर विषयाच्या शब्दांचा: प्रकाशसंश्लेषण, अपवर्तन, संघनन. हे पुस्तकच शिकवतं. मधला थर असा, की जो कुठल्याही एका विषयाचा नाही आणि म्हणून कुठल्याच शिक्षकाचा नाही. घटक, प्रमाण, निकष, अनुमान, निष्कर्ष, अनुक्रमे, परस्पर, सापेक्ष, लगतचा, तुलनेने, परिणामी, याउलट, अनुकूल, प्रतिकूल, मर्यादा, स्वरूप, संभाव्य. भूगोलाच्या पेपरातही हेच आणि गणिताच्या पेपरातही हेच.

प्रत्येक धड्याला मी जास्तीत जास्त आठ शब्द घेते. तीन विषयाचे, पाच मधले. निवडताना आधी धडा वाचत नाही. आधी स्वाध्याय वाचते, मग जुन्या प्रश्नपत्रिका, आणि शेवटी धडा. प्रश्नात येणारा शब्द मुलाला कळला नाही तर धडा कितीही पाठ असला तरी उपयोग नाही. निवडताना एकच कसोटी लावते: हा शब्द पुढच्या दोन महिन्यांत आणखी कुठे भेटणार आहे का? भेटणार असेल तर घ्यायचा. 'संप्लवन' महत्त्वाचा आहे, पण तो एका धड्यापुरता. 'प्रमाण' दहावीनंतरही मुलाचा पिच्छा सोडणार नाही.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. वीस शब्द फळ्यावर लिहायचे, समोर अर्थ, आणि 'पाच-पाच वेळा लिहून आणा' हे करू नका. अक्षर सुधारतं, बाकी काही होत नाही.

प्रश्नातली क्रियापदं

वर्षाच्या सुरुवातीचा आठवडा मी यावर घालवते आणि तो सगळ्यात जास्त फळतो. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे लिहा', 'टीप लिहा', 'सकारण स्पष्ट करा'. यातला प्रत्येक शब्द मुलाकडे काहीतरी वेगळं मागतो. मुलं मात्र सगळ्यांना एकच उत्तर देतात: त्या विषयाबद्दल जे आठवेल ते.

'वहन आणि अभिसरण यांतील फरक स्पष्ट करा' याचं एका मुलीचं उत्तर असं होतं: "वहन म्हणजे उष्णता स्थायू पदार्थातून जाते. अभिसरण म्हणजे पाणी गरम केल्यावर वर-खाली फिरते." दोन्ही वाक्यं खरी, पण फरक कुठेच नाही. ही दोन टिपणं झाली, शेजारी-शेजारी ठेवलेली.

मी विज्ञान बाजूला ठेवलं आणि विचारलं, "घणसोलीहून ठाण्याला जायचं तर ट्रेन की बस?" एकदम कल्लोळ. ट्रेन लवकर पोचते, बस घराजवळ थांबते, ट्रेनला गर्दी, बसला ट्रॅफिक. फळ्यावर दोन रकाने केले आणि डावीकडे लिहीत गेले: वेळ, भाडं, गर्दी, थांबा. "ज्याच्या आधारावर आपण दोघांना तोलतोय, त्याला निकष म्हणतात." मग परत उष्णतेकडे. निकष कोणते? एकजण म्हणाला माध्यम कोणतं लागतं ते. दुसरी म्हणाली कण जागा सोडतात की नाही ते. वहनात कण जागेवरच राहून शेजारच्या कणाला उष्णता देतात, अभिसरणात कण स्वतःच उष्णता घेऊन निघतात. झाला फरक. 'निकष' हा शब्द कळल्यावाचून 'फरक स्पष्ट करा' जमत नाही, आणि तो शब्द प्रश्नात कधीच छापलेला नसतो.

'शास्त्रीय कारणे लिहा' याची गंमत आणखी वेगळी. माठातलं पाणी गार का होतं? "कारण माठ मातीचा असतो." हे कारण अर्ध्या वाटेवर थांबलं. मी मुलांना साखळी करायला लावते आणि प्रत्येक कडीला 'त्यामुळे' जोडायला सांगते. माठ सच्छिद्र असतो, त्यामुळे पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येतं. तिथे त्याचं बाष्पीभवन होतं. त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून शोषली जाते, त्यामुळे त्या पाण्याचं तापमान कमी होतं. साखळी नीट असेल तर पुढचा प्रश्नही सुटतो. गेल्या मे महिन्यात एकाने विचारलं, "मग आमच्या घरचा माठ गावच्या माठाइतका गार का होत नाही?" त्याचं गाव लातूरकडचं. मी उत्तर दिलं नाही, साखळीतली कुठली कडी इथे ढिली पडते ते शोधायला सांगितलं. दोन दिवसांनी आला: इथे खाडीमुळे हवेत आधीच बाष्प जास्त, त्यामुळे बाष्पीभवन सावकाश. पुस्तकात हे वाक्य नाही.

'सकारण' या शब्दाचं वेगळंच. 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' म्हटलं की निम्मा वर्ग 'चूक' एवढंच लिहून मोकळा. मी फोड करून दाखवते: स + कारण, कारणासह. सपत्नीक, सहकुटुंब, सचित्र. लग्नपत्रिकेतला 'सहकुटुंब' आठवला की 'सकारण' विसरत नाहीत.

नवा शब्द कसा ओळख करून द्यायचा

शब्दकोश आधी उघडायचा नाही. शब्दकोशातला अर्थ बहुधा आणखी दोन अवघड शब्दांत दिलेला असतो आणि मूल तोच पाठ करतं. आधी प्रसंग, मग शब्द, मग मुलाचा अर्थ, आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातली व्याख्या.

'अनुकूलन' घेऊ. आमच्या मुलांना खारफुटी सांगावी लागत नाही, ऐरोलीच्या पुलावरून रोज दिसते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, हे मुलं पालिकेच्या फलकांवर वाचतात. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे मी दरवर्षी एक वर्ग नेते. पण शब्द शिकवायला तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाचं, एक पानही पुरतं. एका मुलाला ते पान चाटायला सांगितलं. "शी! खारट आहे." का? तिवराच्या पानांतल्या ग्रंथी नको असलेलं मीठ बाहेर टाकतात. मग चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या मुळ्यांचा फोटो दाखवला. या वर का आल्या? चिखलात हवा नसते, मुळांना श्वास घ्यायचा असतो. एवढं झाल्यावर मी म्हणाले, "खाऱ्या चिखलात जगण्यासाठी झाडाच्या शरीरात जे बदल झालेत, त्याला अनुकूलन म्हणतात."

आता अर्थ मुलांनी सांगायचा. त्यासाठी एक साचा देते: "जेव्हा एखादा सजीव…, तेव्हा त्याला अनुकूलन म्हणतात." जेव्हा-तेव्हाच्या साच्यात वाक्य आपोआप सुटं होतं. 'अनुकूलन म्हणजे जुळवून घेणे' असं तोकडं उत्तर त्यात बसतच नाही.

मग चौकट. पानाचे चार भाग करायचे: माझ्या शब्दांत अर्थ, वैशिष्ट्यं, उदाहरणं, आणि जी उदाहरणं नाहीत ती. ही चौकट डोरोथी फ्रेअर आणि त्यांच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडली. चौथा भाग सगळ्यात मोलाचा. फ्लेमिंगोचे लांब पाय आणि खाली वळलेली चोच हे अनुकूलन, यावर एकमत. "पावसात आपण छत्री घेतो, ते?" अर्धा वर्ग हो म्हणाला. "छत्री घेऊन कुणी जन्माला येतं का?" असं मागच्या बाकावरून आलं आणि वाद मिटला. शरीरात काय आहे आणि पिढीकडून पिढीकडे काय जातं हा मुद्दा मुलांनीच काढला. ही तासिका ३५ मिनिटांची होती आणि एकाच शब्दावर गेली. दर शब्दाला हे शक्य नाही. धड्यातल्या एका शब्दाला करायचं, बाकीच्यांना पाच-पाच मिनिटं.

लगेच भावंडंही दाखवून टाकायची: अनुकूल हवामान, प्रतिकूल परिस्थिती, अनुकूलता. भूगोलात तोच शब्द भेटला की मूल दचकत नाही.

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त फसवतात

अवघड शब्द निदान अवघड दिसतो. 'कार्य', 'बल', 'शक्ती', 'वजन', 'मूळ', 'पद', 'संस्था' हे शब्द मुलाला येतात, म्हणून ते थांबतच नाही. पद म्हणजे खुर्ची, बीजगणितात पद म्हणजे वेगळंच. मूळ झाडाला, मूळ समीकरणाला, आणि वर्गमूळ निराळं.

कार्याचा तास मी ठाणे स्टेशनवर नेते, म्हणजे मनाने. "पाच किलोचं दप्तर पाठीवर घेऊन फलाटावर अर्धा तास गाडीची वाट बघत उभे राहिलात. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध किती कार्य केलंत?" पाठ दुखते म्हणजे पुष्कळ कार्य, असं सगळ्यांचं मत. भौतिकशास्त्र म्हणतं शून्य, कारण विस्थापन शून्य. "आणि दप्तर घेऊन सपाट फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललात तर?" दप्तर वर गेलं नाही, म्हणून उचलून धरणाऱ्या बलाने केलेलं कार्य तरीही शून्य. इथे वर्ग बंड करतो. करू द्यायचं. मग सहा मीटर उंच जिना चढवायचा: ५ × ९.८ × ६, म्हणजे २९४ ज्यूल, नुसत्या दप्तराचं. ज्याला राग आला त्याला हा शब्द कायमचा कळतो, असा माझा अनुभव आहे.

अशा शब्दांची एक वेगळी यादी वर्गात भिंतीवर लावा. डावीकडे 'घरी', उजवीकडे 'पेपरात'. भाजीवाल्याकडे वजन किलोत, पेपरात वजन न्यूटनमध्ये आणि किलोत ते वस्तुमान. यादीत भर मुलांनी घालायची. आमच्या यादीत 'उतारा' आहे: उताऱ्यावरील प्रश्न, सातबारा उतारा, आणि आजीच्या मते विषाचा उतारा.

शब्द फोडून बघणे

मराठीतली परिभाषा बहुतेक संस्कृतातून घडवलेली आहे. ती जड वाटते खरी, पण तिचे सांधे दिसतात. आणि सांधे दिसले की एका शब्दात दहा शब्द मिळतात. उत्कलनांक, द्रवणांक, गोठणांक: शेवटी 'अंक' आला की कुठलातरी आकडा विचारलाय. तापमापी, पर्जन्यमापक: मोजायचं साधन. लघुकोन, काटकोन, विशालकोन हे शब्द तर नुसते वाचले तरी डोळ्यांसमोर कोन उभा राहतो. इंग्रजीत मुलं 'अक्यूट' आणि 'ऑब्ट्यूस' यांत वर्षभर घोटाळतात, तेव्हा मी त्यांना आधी मराठी शब्द म्हणायला लावते.

'भवन' आणि 'करण' यांची जोडी मला विशेष आवडते. बाष्पीभवन म्हणजे बाष्प होणं, आपोआप. शुद्धीकरण म्हणजे शुद्ध करणं, कुणीतरी केलेलं. 'करण' दिसलं की मुलांनी विचारायचं: कुणी केलं? कशासाठी? भूगोलात 'नागरीकरण' आलं तेव्हा घणसोली गावातल्या मुलीने हाच प्रश्न विचारला. तिच्या आजोबांची भातशेती होती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, सेक्टर पडले, हे तिने घरी ऐकलेलं होतं. 'लोकसंख्या वाढल्यामुळे नागरीकरण होते' या वाक्यापलीकडे ती त्या एका प्रत्ययामुळे गेली.

सावधगिरीही हवी. फोड प्रत्येक वेळी जुळत नाही. 'वि' हा उपसर्ग विज्ञानात 'विशेष' म्हणून येतो आणि विजातीयमध्ये 'वेगळा' म्हणून. 'प्रमाण' फोडत बसलात तर हाती काही लागत नाही. फोड म्हणजे अंदाज बांधायची सोय, तो अंदाज वाक्यात घालून पडताळायचाच.

सेमीच्या मुलांची दुहेरी कसरत

सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. मुलाला 'इव्हॅपोरेशन' येतं, पण भूगोलातलं 'बाष्पीभवन' तेच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी वहीत तीन रकाने करायला लावते: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि घरी आपण काय म्हणतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण विचारायचा नक्की.

कारण तिथे कधीकधी खजिना निघतो. भरती-ओहोटीच्या धड्यात 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' असे शब्द येतात. वर्गाला भांग म्हणजे केसांतला किंवा होळीचा. एक कोळ्यांचा मुलगा, एरवी कधी हात वर न करणारा, म्हणाला, "आमचे आजोबा रोज बोलतात ते. भांगाला पाणी कमी चढतं, मग जाळं लावत नाहीत." अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, मी नुसती चंद्र-सूर्याची आकृती काढली. पुस्तकातला शब्द त्याच्या घरातूनच पुस्तकात गेला होता.

बोलीवरून मुलांना टोकू नका, हे यातलंच. "पानी उरून गेलं" (उडून गेलं) असं कुणी म्हणालं तर "बरोबर, पाण्याचं बाष्पीभवन झालं" असं म्हणून त्याचंच उत्तर नव्या शब्दात परत द्यायचं. 'असं नाही म्हणायचं' हे वाक्य मध्ये आलं की मूल पुढच्या वेळी गप्प बसतं.

जिम कमिन्स या कॅनडातल्या संशोधकाने १९७९ मध्ये मैदानावरची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. नव्या भाषेत गप्पा मारायला मुलं साधारण दोन वर्षांत शिकतात, पण त्या भाषेत अभ्यास करायला पाच ते सात वर्षं लागू शकतात, असं त्यांचं म्हणणं. घरी हिंदी बोलणारा आमचा एखादा मुलगा खो-खोच्या मैदानात अस्सल मराठीत भांडतो, म्हणून त्याला प्रश्नपत्रिकेतलं मराठी येतंच असं आपण धरून चालतो. तिथे चूक आपली.

तोंडातून गेल्याशिवाय हातात येत नाही

साठ मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांत एकेकाला बोलतं करणं अशक्य. म्हणून बाकावरची जोडी. प्रश्न द्यायचा, दोन मिनिटं द्यायची, आणि अट एकच: फळ्यावरच्या तीन शब्दांपैकी दोन वापरायचेच. सुरुवातीला वाक्याची तोंडं लिहून द्यायची: "यावरून असं अनुमान निघतं की…", "…च्या तुलनेने…", "याउलट…". पहिले पंधरा दिवस मुलं नाटकात काम केल्यासारखी बोलतात, खिदळतात. हरकत नाही. वर्गात गोंगाट होतो, मुख्याध्यापक डोकावतात, तेवढं सोसायचं.

लिहिण्याकडे वळताना 'शब्दाचा वाक्यात उपयोग करा' हा प्रकार मी सोडून दिला आहे. "मला अनुमान आवडते" असं वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, त्यावर काट मारता येत नाही. त्याऐवजी अर्धं वाक्य देते आणि तीन शेपट्या लावायला सांगते.

खाडीकाठची खारफुटी तोडली जाते, कारण…
खाडीकाठची खारफुटी तोडली जाते, पण…
खाडीकाठची खारफुटी तोडली जाते, परिणामी…

पहिली शेपटी कशीही लागते. 'पण' लावताना विरोध शोधावा लागतो. 'परिणामी' लावताना पुढे काय होतं हे माहीत असावं लागतं: लाटांचा जोर अडत नाही, किनाऱ्याची माती धुपते. शब्द येतो की नाही आणि धडा कळला की नाही, दोन्ही एकदम दिसतं. तीन वाक्यं जमली की परिच्छेद फारसा लांब राहत नाही.

उजळणीचा डबा

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की नवीन पाठ केलेलं पहिल्या काही तासांत भराभर विसरतं, आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री करून भागत नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात पत्त्यांच्या, म्हणजे शब्द लिहिलेल्या कार्डांच्या, डब्याची युक्ती लोकांपुढे आणली, ती आम्ही मिठाईच्या रिकाम्या खोक्यात करतो. खोक्याचे पुठ्ठ्याने तीन कप्पे. पहिला रोजचा, दुसरा मंगळवार-शुक्रवारचा, तिसरा शनिवारचा. सगळे पत्ते पहिल्या कप्प्यातून सुरू होतात. बरोबर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. रोज पाच मिनिटं पुरतात.

पत्त्यावर शब्द आणि मागे अर्थ असं लिहू नका. पुढे गाळलेली जागा असलेलं वाक्य, मागे शब्द. "रमा व सीमा यांना ____ ७२ व ६५ गुण मिळाले." मूल शब्द आठवून काढतं, नुसतं ओळखत नाही, आणि वाक्यात तो कुठे बसतो तेही सोबत येतं. नुसतं पान पुन्हा वाचलं की 'येतंय' असं वाटतं, आणि पेपरात येत नाही.

घरी काय करता येईल

महावितरणचं बिल काढा. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे शब्द असतात. मुलाला विचारा, इथे आकार म्हणजे काय? गोल, चौकोनी? नाही, आकारणीतला आकार, म्हणजे रक्कम. आणि 'वहन' तेच, जे विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेबद्दल आहे: इकडून तिकडे नेणं. वीज तारांमधून घरापर्यंत आणली, तिचं भाडं. पालिकेची पाणीकपातीची सूचना, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, हेही चालतं.

पालकांना एकच विनंती. "याचा अर्थ काय?" असं विचारू नका, मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं. "याचं आपल्या घरातलं उदाहरण सांग" किंवा "असं कशाला म्हणता येणार नाही?" असं विचारा. स्वतःला येत नसेल तर तसं सांगून दोघांनी मिळून शोधा. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथले कोश मोबाइलवरच्या पहिल्या उत्तरापेक्षा पुष्कळदा बरे पडतात.

आलं की नाही हे कसं कळणार

धडा सुरू करण्याआधी आठही शब्द वाचून दाखवते आणि मुलांनी वहीत प्रत्येकापुढे ०, १, २ किंवा ३ लिहायचं. शून्य म्हणजे ऐकलाच नाही, एक म्हणजे ऐकलाय, दोन म्हणजे वाचला तर कळतो, तीन म्हणजे मी वापरतो. धडा संपल्यावर पुन्हा. मुलं यात खोटं लिहीत नाहीत, कारण गुण नसतात. तीन लिहिणाऱ्या कुणालाही मात्र मी तिथल्या तिथे वाक्य मागते. बरेच तीन मग दोन होतात.

चाचणीत अर्थ लिहायला देत नाही. चार वाक्यं देते, तीनमध्ये शब्द बरोबर वापरलाय, एकात चुकलाय, ते शोधायचं आणि का चुकलं ते लिहायचं. एका महिन्याने तोच शब्द दुसऱ्या विषयाच्या वाक्यात घालून पुन्हा देते. विज्ञानातलं 'प्रमाण' इतिहासात ओळखता आलं तर पत्ता खोक्यातून बाहेर.

तो अनुक्रमेवाला मुलगा आता दहावीत आहे. परवा गटप्रमुख म्हणून त्याने फळ्यावर लिहिलं होतं, "आज अनुपस्थित: मुले व मुली अनुक्रमे ४ आणि २." मी पट मोजला. गैरहजर मुलं दोन होती आणि मुली चार. शब्द बरोबर वापरला होता, मोजायला चुकला होता.